रुंद टायरांची मुळाळी

शनिवार, १५ फेब्रुवारी १९९७. सकाळी पुणं सोडलं ते एका कामासाठी. थोरल्या बहिणीला, आक्काला, नरसिंहपूरहून घ्यायचं आणि कोऱ्हाळे बुद्रुकला आमच्या भावाच्या, दादाच्या, वस्तीवर पोचवायचं. निघण्याआधी चारही चाकांची हवा तपासली, पाण्याचा कॅन भरला, मागच्या सीटवर दोन उशा आणि एक गोधडी टाकली. आमचे हे छापखाना उघडायला गेले होते. छापखाना आमचा दोघांचाच, त्यामुळे एक जण बाहेर पडला की दुसऱ्यानं तिथं असावंच लागतं.

काम ऐकायला सोपं आहे. पण आक्काच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी तिला प्रवासाची परवानगी एका अटीवर दिली होती: गचके बसता कामा नयेत. गावच्या जीपनं ती एकदा निघाली होती, ती बावड्यापर्यंत पोचून कण्हत परत आली. दादाला अर्धांग झालंय, तो खाटेवरून उठत नाही. म्हणजे भाऊ तिकडे जाऊ शकत नाही आणि बहीण इकडे येऊ शकत नाही. दोघांची भेट होऊन वर्षं लोटली होती.

त्यात आक्काचा हट्ट. मुळाळी (माहेराहून लेकीला न्यायला येणारं घरचं माणूस, म्हणजेच मूळ) आल्याशिवाय ती माहेरी जात नाही. पूर्वी दादा बैलगाडी घेऊन जायचा, पुढं एसटीनं. गेल्या दिवाळीत मी भाड्याची मऊ, ऐसपैस गाडी ड्रायव्हरसकट पाठवली. आक्कानं ड्रायव्हरला जेवू घातलं, टॉवेल-टोपी दिली आणि रिकाम्या गाडीसकट परत लावून दिलं. फोनवर मला म्हणाली, "डायवर म्हंजी मूळ व्हय गं? त्याचा आन् माझा काय संबंध?" मग म्हणाली, "नीरेचं पानी कोऱ्हाळ्यावरनं निघतं आन् माझ्या दारावरनं जातं. त्याला उलटं जाता येत न्हाय. माझंबी तसंच झालंय."

त्यावर मी म्हणाले, "मी येते."

आता गाडीविषयी सांगायला हवं. कंपनीनं एकाच गाडीचे दोन प्रकार काढले होते. साध्या प्रकाराच्या स्प्रिंगा मऊ, टायर अरुंद आणि उंच. दुसरा प्रकार 'स्पोर्टी': स्प्रिंगा आखूड आणि कडक, शॉकअ‍ॅब्सॉर्बर ताठ, टायर रुंद पण बुटके, आणि गाडीचं पोट जमिनीपासून टीचभर. आम्ही साध्याचं बुकिंग केलं होतं. तिच्यासाठी महिनोन्महिने थांबावं लागणार होतं आणि ही लगेच मिळत होती. ह्यांना मोहच झाला. "रस्त्याला चिकटून चालते," असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. चिकटून चालते हे खरं आहे. रस्त्यावरचा प्रत्येक खडा मोजून दाखवते हेही खरं आहे.

दिवेघाटात तिचं कौतुक वाटलं. वळणावर जराही कलंडली नाही, स्टीअरिंग हातात घट्ट. सासवड, जेजुरी मागं पडली. नीरा गावाच्या पुढं मात्र ऊस सुरू झाला आणि उसाबरोबर रस्त्याचे हाल. दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर डांबराची कड चुरून टाकतात. साध्या गाडीत जो खड्डा कमरेला कळतो, तो ह्या गाडीत दातांना कळत होता. आरशात मागची सीट दिसत होती. उशा उडून खाली पडल्या होत्या. आक्का तिथं बसणार होती.

कोऱ्हाळ्याला फाट्यावरून दादाच्या वस्तीकडे कालव्याच्या कडेनं कच्ची वाट जाते. बैलगाड्यांनी दोन खोल चाकोऱ्या पाडल्यात आणि मधे मातीचा वरंबा राहिलाय. गाडी रिकामी होती म्हणून पोट वरंब्याला न लागता निघाली, पण जेमतेम.

मी थेट नरसिंहपूरला जाऊ शकले असते. पण मूळ माहेरच्या उंबऱ्यावरून निघावं लागतं आणि बरोबर शिदोरी लागते. वहिनींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवली होती. दादा खाटेवरून गाडीकडे बघत होता. त्याचे शब्द आता जड येतात.

"बसकी हाय गं," तो म्हणाला.

"हो."

"आक्का बसंल?"

"बसेल."

"आन्. कायबी कर, आन् तिला," तो म्हणाला आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं. दादानं याआधी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

बारामतीच्या अलीकडे कालव्याच्या पाझरलेल्या पाण्याखाली झाकलेल्या एका खड्ड्यानं मला फसवलं. डावं पुढचं चाक ठणकन आपटलं. बुटक्या टायरात रबराची जाडी कमी, त्यामुळे मार थेट रिमला बसतो. हवा फुसफुसत गेली. स्टेपनी काढली तर ती साध्या प्रकाराची, अरुंद. कंपनीची काटकसर. ती चढवून, एका बाजूला किंचित लंगडत, एमआयडीसीजवळच्या टायरच्या दुकानापर्यंत पोचले. कारखान्यांची पाळी सुटली होती आणि मोटारसायकलींची रांग रस्त्यानं वाहत होती. दुकान सलीमभाईंचं. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली.

"ताई, तीन पैलवान आन् एक काटकुळा. कुस्ती हाय का मिरवणूक?"

"रिम सरळ होईल का तेवढं सांगा."

"व्हईल की. पन हा टायर हितं मिळायचा न्हाय. हितं ट्रॅक्टरचा मिळंल, नायतर सायकलीचा. मधलं काय न्हाय."

त्यांनी घणानं ठोकून रिम गोल केली, ट्यूबला ठिगळ मारलं आणि हवा भरायला लागले. भरता भरता थांबेचनात.

"बास. जास्त होतेय."

"टणक बरा असतोय, ताई. आमच्याकडं समदे टणकच ठेवत्यात."

"तुमच्याकडं ट्रेलर असतात. मला मणक्याचा पेशंट आणायचाय. कमी करा. चारही चाकांची करा."

"मानूस हाय व्हय आत!" म्हणत त्यांनी हवा सोडली. मग खाली वाकून स्प्रिंग बघितली आणि मान हलवली. "हवेनं थोडं व्हईल. बाकी तुमी हळू चाला."

इंदापुरात चहा आणि गरम कांदाभजी घेतली. बावड्याच्या पुढं शेतात हुरड्याची ज्वारी उभी होती. ऊन उतरायला लागलं तेव्हा नरसिंहपूरच्या देवळाचं शिखर दिसलं. भीमा आणि नीरा इथं मिळतात. घाटावर पाणी इतकं शांत होतं की कोणतं कुठलं ते सांगता येऊ नये. आक्काला मात्र येतं. तिचं घर नीरेच्या बाजूला आहे.

ती ओट्यावर पाठीला पट्टा बांधून ताठ बसली होती. मी शिदोरी तिच्या हातात दिली. तिनं दशमीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली.

"वहिनीच्याच हातच्या," ती म्हणाली. "येते मी."

रविवारी सकाळी भांडण झालं. मी तोंड धुवून बाहेर आले तर आक्काचा मुलगा बाळासाहेब डिकीत ज्वारीचं पोतं ठेवत होता. खाली भुईमुगाच्या शेंगांचं पोतं आधीच गेलं होतं, आणि गुळाच्या ढेपा दाराशी उभ्या होत्या. हा वानवळा (आपल्या शेतातलं, नात्यात वाटायचं पीक).

"बाळासाहेब, काढा ते. गाडी आधीच बसकी आहे. पोट टेकेल रस्त्याला."

"मावशी, मी न्हाय. आईला सांगा."

आईला सांगितलं. आई म्हणाली, "इतक्या वर्षांनी माहेराला जायाचं आन् मोकळ्या हातानं? मग ऱ्हाते मी हितंच."

"तुला गचके टाळायचेत की पोती न्यायचीत, एक ठरव."

"दोनी."

"आक्का, ही बैलगाडी नाही!"

"ते दिसतंय. बैलगाडीत जागा असती."

कांद्याची पिशवी पायाशी गेली, ढेपा पोत्यांच्या बेचक्यात बसल्या. गाडीची मागची बाजू चाकावर टेकते की काय अशी खाली गेली. मी उशा लावल्या. बावड्याच्या रस्त्यावर जीप जिथं हरली होती तिथं पोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

आणि तिथं काहीच झालं नाही. खड्डा आला, गाडी त्यात उतरली आणि हळूच वर आली. डुलली, पण उडाली नाही. पुढचा आला, तेच. कडक स्प्रिंग रिकामी असली की उसळते, पुरेसं ओझं पडलं की दबून मऊ होते. हे मला एरवी सुचलं असतं, पण ओझ्याशी भांडण्यात सुचायचं राहून गेलं होतं. ज्या पोत्यांवरून मी तोंड वाजवलं, त्यांनीच आक्काची पाठ सांभाळली.

"दुखतंय का?"

"कशाला दुखंल? पाळन्यात बसल्यावानी वाटतंय. उगा घाबरवत हुतीस."

मी हे तिला समजावून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर परतीच्या वेळी तिनं आणखी चार पोती चढवली असती.

इंदापूर गेलं, बारामती गेली. रिम ठोकून गोल केलेलं चाक निमूट फिरत होतं. बारामतीच्या पुढं आक्काचं बोलणं तुटक झालं. काचेला नाक लावून बसली. "हा नवा बंगला कुनाचा?" "हितं चिंच हुती." "कालवा भरून वाहतोय." एवढंच मधूनमधून. कोऱ्हाळ्याचा फाटा आला तेव्हा तिनं पदर सारखा केला.

कच्च्या वाटेवर मात्र हिशेब उलटा झाला. चाकोरीत उतरल्यावर वीसेक पावलांत खालून खरडल्याचा आवाज आला आणि गाडी वरंब्यावर पोट टेकवून थांबली. पुढं वस्ती दिसत होती. दारात वहिनी उभ्या होत्या. वहिनींच्या मागं, दाराच्या चौकटीत, खाट ओढून आणलेली होती.

पोती काढावीत तर पुढं चाकोऱ्या वस्तीपर्यंत तशाच होत्या आणि रिकामी गाडी उसळून आक्काला मारणार होती. चालत न्यावं तर ढेकळांतून पाय टाकणं तिच्या पाठीला शक्य नव्हतं. शेजारच्या फडातली ऊसतोड थांबवून चार-पाच माणसं आली. त्यातले एक म्हातारे, गणपतराव, म्हणाले, "खाट आना. चौघं उचलून नेतो, हाय काय त्यात?"

आक्का आतून कडाडली. "आबा, चौघांच्या खांद्यावर सासरातनं निघायचं असतंय. माहेरात शिरायचं नसतंय."

सगळे हसले. आक्का हसली नाही. तिनं दाराच्या कडीवर हात ठेवला आणि समोर बघत राहिली. चौकटीतल्या खाटेवर एक हात वर झाला होता. दादाला एकच हात वर करता येतो.

"हितनं मागं फिरवू नगंस मला," ती हळू म्हणाली. हे तिनं फक्त मला सांगितलं.

मी खाली उतरून फडाकडे पाहिलं. तोडलेल्या उसाचं पाचट (वाळलेला पाला) ढिगानं पडलं होतं. "हे चाकोऱ्यांत भरायचं," मी म्हणाले. "दाबून. वरंब्याच्या बरोबरीनं."

"चाक रुतंल की," गणपतराव म्हणाले.

"अरुंद चाक रुतेल. हे रुंद आहे."

त्यांनी टायरवर पंजा ठेवून रुंदी बघितली आणि पोरांना हाक मारली. भारेच्या भारे पाचट आलं. टाकायचं, तुडवायचं, वर आणखी टाकायचं. गाडी आधी मागून ढकलून वरंब्यावरून सोडवली. मग मी पहिल्या गिअरमधे क्लच अलगद सोडला. टायर पाचटावर चढले, जरासे दबले आणि तरले. खाली करकर आवाज होत होता, गाडी गवताच्या गंजीवरून जावी तशी चालली होती. माणसं मागचं पाचट उचलून पुढं आणून टाकत होती. ह्या टायरांना मी कालपासून शिव्या देत आले होते.

दारात गाडी थांबली. आक्का माझ्या आणि वहिनींच्या आधारानं उतरली, स्वतःच्या पायांनी चार पावलं गेली. वहिनींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. आक्का खाटेशी उभी राहिली.

"उशीर केलास," दादा म्हणाला.

"मूळ उशिरा धाडलंस."

"वाळलीस."

"तू कुठं पैलवान ऱ्हायलास?"

मग तिनं त्याचा न चालणारा हात उचलून आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बसून राहिली. मी डिकी उघडायला गेले.

संध्याकाळी अंगणात बसून मी गाडीच्या पोटाखाली अडकलेलं पाचट ओढून काढत होते. आत दोघांची जुनी नावं, जुने बैल, जुनी भांडणं चालली होती. "किती दिस हाईस?" दादानं विचारलं. "पोती सरंस्तवर," आक्का म्हणाली. थोड्या वेळानं दादानं मला हाक मारली.

"कुसे, तुला कवा कोन न्यायाला गेलं का गं?"

"मला कशाला न्यायला लागतंय? मी आपली येतेच की."

"तेच म्हनतोय," तो म्हणाला. "तू येतीस, म्हनून कुनाच्या ध्यानात आलं न्हाय."

मी पाचट ओढत राहिले. आधी एसटीनं, मग स्कूटरवर, मग गाडीनं, मी नेहमी माझी मी आले आणि कामं आटोपून माझी मी गेले. राहिले अशी कधीच नाही. माझ्या वाटेकडे कुणी दारात खाट ओढून बसलं नाही, आणि त्याचं काही वाटतं का, हे मला कुणी विचारलंही नव्हतं. मीसुद्धा नाही.

सोमवारी सकाळी निघायचं ठरलेलं होतं. छापखान्यात लग्नपत्रिकांची गर्दी होती. डिकी रिकामी झाल्यामुळे गाडी पुन्हा वर उठून ताठ उभी होती. किल्ली घेऊन मी तिच्यापर्यंत गेले, दार उघडलं, पुन्हा लावलं. किल्ली दादाच्या उशाशी ठेवली आणि पाचट पसरलेल्या वाटेनं फाट्यापर्यंत चालत जाऊन एसटीडी बूथवरून छापखान्यात फोन लावला.

"निघालीस?" ह्यांनी विचारलं.

"नाही."

"गाडी बिघडली का?"

"गाडी उत्तम आहे."

"मग?"

"तुम्ही मला न्यायला या."

पलीकडे छपाईचं मशिन खडखडत होतं. "अगं, पण गाडी तर तुझ्याकडं आहे. मी येऊ कशानं?"

"एसटीनं," मी म्हणाले. "आणि घाई करू नका. दोन-चार दिवसांनी या."