खोबरेल तेलातली मेरी

साल तीस-एकतीस असावं, मी अठरा वर्षांचा. त्या वर्षीचा पावसाळा माझा होता. रेवदंड्याला होड्या वाळूवर ओढून झावळ्यांनी झाकल्या, की नारळी पौर्णिमेपर्यंत कोळ्याला दर्यावरचं काम नसतं. ड्रॉइंग मास्तरांनी मला इटलीतल्या चारशे वर्षांपूर्वीच्या चित्राची छापील प्रत दिली होती. मांडीवर बाळ घेतलेली मेरी. "याची तैलरंगात नक्कल कर. जमली तर मुंबईच्या चित्रशाळेत तुझ्यासाठी शब्द टाकतो," म्हणाले. बाबांनी बजावलं, "पुनवेपर्यंत काय ते कर. मंग होडीवर यायचं."

निळा झगा झकास उतरला. अडलं ते चेहऱ्यावर. जवसाच्या तेलाने रंग पिवळट दिसे, आणि मला तर तिचा गाल उजळ हवा होता. मी दीडशहाणा. आईच्या बाटलीतलं पाण्यासारखं स्वच्छ खोबरेल रंगात कालवलं. चेहरा असा खुलला की दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते.

तीन आठवडे झाले तरी गाल ओलाच. मी पावसाला शिव्या घातल्या, चित्र चुलीजवळ टेकवलं, तर हनुवटी ओघळून गळ्यावर आली. चिलटं चिकटली ती वेगळीच. पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. मला रडू फुटलं.

बाबांनी गालाला बोट लावून हुंगलं. "खोबरेल? अरं, ते जन्मात सुकायचं न्हाय! होडीच्या फळ्या रंगवताना मी काय घालतो, कधी बघितलंस? जवसाचंच."

त्या होडीच्या सावलीत मी लहानाचा मोठा झालो होतो आणि एवढंही मला ठाऊक नव्हतं. फार लाज वाटली. सुरी घेऊन मी सगळा चेहरा खरवडून काढला.

पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला फडकं बांधून मी मुकाट्याने किनाऱ्यावर गेलो. माझ्या वल्ह्यावर चुलतभाऊ बसलेला.

"तू कशाला आलास?" बाबा होडीतून ओरडले. "बिनतोंडाची बाई घरात ठेवून कोन दर्यावर जातं? जा, तिचं तोंड काढ आधी."

पुढे मुंबईच्या शाळेत नाव लागलं, तेव्हाही मला इतका आनंद झाला नाही.