आंब्याच्या पेट्यांना हात लावायचा नाही

कचरा कशाला म्हणता वो? सोसायटीच्या हॉलात बालवाडीच्या पोरांनी आंब्याच्या रिकाम्या पेट्या रंगवून एकावर एक रचल्यात, तर सेक्रेटरी म्हणे रविवारी फेकून देणार. मंडळी, आधी आत जाऊन बघा तरी!

आज दुपारी मी नातीला आणायला गेले. पेट्या माझ्या मालकांनीच, म्हणजे तिच्या आजोबांनीच, तुर्भ्याच्या मार्केटातून आणून दिलेल्या. एका पोराला एक पेटी, तेच त्याचं घर. कुणी निळं केलंय, कुणी पडदा लावलाय. आमच्या पोरीनं आतून टिकल्या चिकटवल्यात, काय चमकतंय म्हणून सांगू!

पेटीत ठेवलेली तिची पाटी काढायला हात घातला, तर केवढ्यानं ओरडली, "आज्जे, आधी दार वाजव!"

वाजवलं.

"कोन हाय?"

"मी गं, तुझी आजी."

"ये. चपला भाईर काढ."

बालवाडीच्या बाई पोट धरून हसल्या.

आमच्या एका खोलीत आम्ही सात माणसं. पोरीला स्वतःचा कोपरा कधी मिळालाच नाही. रोज बालवाडीत जाताना रडायची, आज घरी यायला रडली.

तुमच्याही पोरांची घरं हायत त्यात. पेट्या राहणार का नाही, ते सेक्रेटरीसाहेब, शनिवारच्या आत ह्याच बोर्डावर लिहा. बघू-करू नको. हो का नाही, तेवढंच सांगा.