बरी झालेली दाखवा

सकीनाबी मण्यारीण दारात आली की सासूबाई आतूनच ओरडायच्या, "कुणी आंघोळ केली नाही ना गं अजून?" तिच्या हातून बांगड्या भरल्या की आमच्या घरी पुन्हा आंघोळ करावी लागे. म्हणून आम्ही सगळ्या पारोशा ओसरीवर ओळीने बसायचो. सकीनाबीला हे पक्कं ठाऊक होतं. खांद्यावरच्या बांगड्यांच्या माळा उतरवत ती हसून म्हणायची, "बसा गं पारोशा पोरींनो, देवाला सगळ्या चालतात." सासूबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

जुन्या नाशकात तिचं बांगड्यांचं दुकान होतं. दुकानात तिचा नवरा कादर बसायचा, ही फिरतीवर. उंच, काटक बाई. पानाने ओठ लाल. हात हातात घेतला की कुठलंसं बोलणं काढायची, अंगठ्याखालचा मांसल भाग हलकेच दाबायची, आणि आपण बोलण्यात गुंतलो की बांगडी मनगटावर आलेली असायची. वाईट सवय एकच. कुणी काही सांगितलं की तिचा प्रश्न ठरलेला, "तुम्ही स्वतः पाहिलंत?" मला त्या प्रश्नाची फार चीड यायची. अहो, बायकांनी गप्पा मारायच्या तरी कशा मग?

आमचं घर पंचवटीत. मामंजी वेणीमाधवशास्त्री रामकुंडावर यात्रेकरूंचे उपाध्ये. मी थोरली सून, सुमेधा. धाकटे दीर उपेंद्रभावजी एका वकिलांकडे कारकून, आणि त्यांची बायको गोदावरी. ही गोदावरी म्हणजे हसण्याचं पोतं. मामंजींकडे आलेल्या यात्रेकरूंच्या नकला करून मला स्वयंपाकघरात लोळवायची. मला सख्खी बहीण नाही, पण असती तर हिच्याइतकी आवडली नसती, हे आजही सांगते.

एकोणीसशे चौतीस साली ती बाळंत झाली. मुलगा झाला. बारसं होईपर्यंत सगळं नीट होतं. मग तिची झोप गेली. रात्र रात्र टक्क उघडे डोळे. नंतर म्हणायला लागली, हे मूल माझं नव्हे, कुणीतरी बदललंय. एके दुपारी मी पाणी काढायला गेले तर ही विहिरीच्या काठावर, पोर छातीशी धरून. मला म्हणते कशी, "वहिनी, ह्याला परत द्यायचंय." आवाज अगदी शांत. मी कशी धावले, पोर कसं ओढून घेतलं, मला आठवत नाही. माझी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. त्या दिवसापासून एका बाजूला ती, एका बाजूला तो.

आणि मग सुरू झाले सल्ले. नाशकात सल्ल्यांना काय तोटा! मामंजींकडे मुलूखभरचे यात्रेकरू यायचे आणि प्रत्येकाच्या गावी कुणीतरी एक जालीम उपाय जाणणारा असायचाच. कुणी मिरचीची धुरी सांगे, कुणी अमक्या पिराचा धागा, कुणी तमक्या वैद्याचं तेल. आम्ही पुष्कळ केलं. धुरीने बिचारीचे डोळे सुजले. रोग परवडला पण इलाज नको, अशी गत झाली.

शेवटी सासूबाईंच्या मनात भरला तो देवळ्याकडचा एक मांत्रिक. तो म्हणे रोग्याला वर्षभर साखळीत ठेवतो आणि माणूस ठणठणीत होऊन घरी जातं. उपेंद्रभावजींचं म्हणणं वेगळं. ते वाचनालयात जाऊन बसत, सरकारी अहवाल वाचत. घाटाखाली वेड्यांचं सरकारी इस्पितळ होतं. तिथे किती आले, किती बरे होऊन गेले, किती दगावले, सगळं छापलेलं असे. बाळंतपणानंतरचं वेड पुष्कळदा बरं होतं, असं त्यांनी वाचलं होतं. पण आईपुढे आकडे घेऊन उभं राहायचं म्हणजे! सासूबाई म्हणाल्या, "तिथे गेलेला परत येत नाही. विंचूरच्या भिमाजीची बायको तिथेच मेली. सगळ्या जगाला ठाऊक आहे." वैशाखात गोदावरीला देवळ्याला न्यायचं ठरलं.

हे बोलणं चालू असताना सकीनाबी ओसरीवर माझ्या हातात बांगड्या भरत होती. तिने मान वर केली.

"काकू, देवळ्याला बरं कोण झालं?"

"तिथल्या एका पाटलाची सून. खडखडीत बरी झाली."

"तुम्ही पाहिलीत?"

"मी कशाला बघायला जाऊ? जग सांगतंय."

"जगाच्या हातात मी कधी बांगड्या भरल्या नाहीत, काकू. मला बरी झालेली दाखवा."

सासूबाईंचा पारा असा चढला की विचारू नका. "मण्यारणीने बांगड्या भराव्या, शहाणपण शिकवू नये." सकीनाबीने माझ्या हातात शेवटची बांगडी सारली, माळा उचलल्या आणि गेली. मला वाटलं, ही काही आता पुन्हा येत नाही.

ती गेली ती थेट फिरतीवर. देवळा, पिंपळगाव, विंचूर, तिकडच्या बाजारांना ती वर्षातून एकदोनदा जायचीच. मण्यारणीला कुठल्याही घरात आतपर्यंत वाट असते. पुरुषांना जे कळत नाही ते तिला कळतं, कारण बाईचा हात तिच्या हातात असतो.

परत आली तेव्हा तिच्या तोंडात पान नव्हतं. पायरीवरच बसली. म्हणाली, "पाटलाच्या घरी सांगितलं, सून माहेरी गेलीय. मी म्हटलं, बरं, घोटभर पाणी द्या. तर गोठ्यातून आवाज आला. मी गेले. काकू, पोरगी खुंट्याला बांधलेली. मी तिचा हात हातात घेतला. मनगटाला साखळीने इतकी सूज, की बांगडी चढायला जागा नाही."

तिने पदराने तोंड पुसलं.

"आणि भिमाजीची बायको मेलेली नाही. मळ्यात राहतात दोघं. मी गेले तेव्हा मिरच्या कांडत होती. मला शिंका येऊन येऊन बेजार केलं बाईने."

"मग लोक मेली का म्हणतात?" मी विचारलं.

"इस्पितळातून आलेल्या बाईकडे कोण जातं, वहिनी? गेलं नाही की दिसत नाही. दिसली नाही की मेली."

त्या दिवशी मी तिला पायरीशी गाठून विचारलं, की बाई, तू एवढी वणवण कशाला करतेस? ती माळेतल्या बांगड्या सारख्या करत म्हणाली, "माझी धाकटी बहीण होती, नूरबानो. तिलाही असंच झालं. जो जे सांगेल तिकडे आम्ही धावलो. तिथून कोण बरं झालं, एवढं एक विचारायचं कुणाला सुचलं नाही. कुणाला म्हणजे मलाच." डोळे पुसले आणि उठली. नूरबानोचं पुढे काय झालं, ते मी विचारलं नाही. तोंड बघून कळत होतं.

सासूबाई हट्टी, पण दगड नव्हत्या. "मला दाखव ती भिमाजीची बायको," म्हणाल्या. सकीनाबीने गंगेवरच्या स्नानाच्या निमित्ताने भिमाजीला बायकोसकट नाशकात आणलं. ती ओसरीच्या कडेला अंग चोरून बसली. सासूबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"काय काय केलं तिथे?"

"पयल्यांदा लय झोपवलं, आजी. दवा देऊन झोपवलं. दूध दिलं. मंग जरा बरं वाटलं तवा सूत काढाया बसवलं. मारलं नाय कुनी. येक बाई लय खेकसायची, पर मारलं नाय."

"आणि घरची आठवण?"

"लय यायची. रडायची मी." सासूबाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू सैलावत होता, मला दिसत होतं. मनातल्या मनात मी रामरायाला हात जोडले. आणि ती बाई म्हणाली, "दारातच हातातल्या बांगड्या काढून घेत्यात, आजी. काच हाय ना, कुनी हात कापून घिईल म्हून. मला वाटलं धनीच गेला माझा. तवा लय रडले."

झालं! सासूबाई ताडकन उठल्या. "माझा मुलगा जिवंत असताना सुनेचे हात भुंडे? हे अभद्र माझ्या घरी व्हायचं नाही." आणि आत निघून गेल्या. उपेंद्रभावजी कपाळाला हात लावून बसले.

मी सकीनाबीवर अशी उखडले! "तुला कळत नाही का गं? एवढं एक वाक्य गिळायला सांगायचं होतंस की तिला! आलेला घास घालवलास."

ती चिडली नाही. म्हणाली, "वहिनी, अर्धं सांगून नेलं असतं, तर काकू दारातून परत घेऊन आल्या असत्या. आणि मग दुसऱ्यांदा कुणी नेलं नसतं."



दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. माळा नाहीत, नुसता सुईदोरा घेऊन. सासूबाईंना म्हणाली, "काकू, माझ्या आईने मला धंदा शिकवला तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगितली, की सवाष्णीचा हात क्षणभरसुद्धा रिकामा ठेवायचा नाही. नवी चढल्याशिवाय जुनी उतरवायची नाही. मी कापडाच्या बांगड्या शिवते, आत कापूस भरून. त्याने कुणाचा हात कापत नाही. मी स्वतः जाते बरोबर. आधी ह्या चढवीन, मग काचेच्या उतरवीन. एकही फुटू देणार नाही."

"आणि त्यांनी कापडाच्याही काढायला लावल्या तर?"

"तर मी तिथे बसून राहीन. भांडायला मला येतं, तुम्ही ऐकलंय."

सासूबाई उठल्या. आत गेल्या. आम्हाला वाटलं, संपलं. थोड्या वेळाने पेटीतला हिरवा खण घेऊन बाहेर आल्या. स्वतःचा, कोरा करकरीत. तो सकीनाबीपुढे टाकून म्हणाल्या, "ह्याच्या शीव. बाजारातलं कापड रंग सोडतं."

मग कोर्टकचेऱ्या. दोन डॉक्टरांचे दाखले लागले, मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागला. ते सगळं उपेंद्रभावजींनी केलं. वकिलाकडची नोकरी तिथे उपयोगी पडली. पोरांमुळे मी गेले नाही. पण इस्पितळाच्या दारात काय झालं ते भावजींनी सांगितलं. गोदावरी कुणाला अंगाला हात लावू देईना. तिथल्या नर्सला तिने ओरबाडलं. मग सकीनाबी तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली आणि नुसता हात पुढे केला, ओसरीवर करायची तसा. गोदावरीने बघितलं आणि आपला हात तिच्या हातात दिला. नर्सने कापडाची बांगडी दाबून पाहिली, म्हणाली, असू दे. हे सांगताना भावजी लहान मुलासारखे रडले.

भावजी भेटीला जात राहिले. पहिल्यांदा तिने त्यांना ओळखलं नाही. दुसऱ्यांदा ओळखलं आणि शिव्या दिल्या. मग कधीतरी विचारलं, "बाळाला दात आले का?" ते ऐकून मी देवापुढे साखर ठेवली.

पुढच्या चैत्रात ती घरी आली. वाळलेली, केस खांद्यापर्यंतच. मुलगा तिच्याकडे जाईना, माझ्याच पदराला चिकटायचा. मलाही त्याला द्यायला जड गेलं, खोटं कशाला बोलू? पण ती त्याच्यासमोर बसून मामंजींची नक्कल करायची आणि एके दिवशी तो खदखदून हसला. मी दाराआड जाऊन पोटभर रडून घेतलं.

पण इस्पितळाचं नाव घरात काढायचं नाही, हा सासूबाईंचा हुकूम. धाकट्या वन्सं लग्नाच्या होत्या. गोदावरी वर्षभर माहेरी होती, असं आम्ही गावाला सांगितलं. गावाने मान डोलावली आणि मागे कुजबुज केली. गोदावरी ओसरीवर यायची बंद झाली. कुणी आलं की आत जायची.

तशात एका सकाळी सकीनाबी आली. बसली नाही. "काकू, पिंपळगावची नवसाबाई आहे. तिच्या मुलीला तसंच झालंय. लोक तिला देवळ्याला न्यायला सांगतायत. मी तिला म्हटलंय, मी बरी झालेली दाखवते. कोण, कुठली, ते सांगितलेलं नाही. ती कोपऱ्यावर पिंपळाखाली बसलीय. तुम्ही हो म्हणालात तर आणते. नाही म्हणालात तर तिला दुसरीकडे नेईन, विंचूरला."

सासूबाईंचा चेहरा पडला. "सकीने, तुझे उपकार मी विसरले नाही गं. पण मुलीचं लग्न व्हायचंय. तू मला हे मागू नकोस."

"ठीक आहे काकू. घर तुमचं." खरंच, तिच्या आवाजात राग नव्हता. ती वळली.

आतून गोदावरी बाहेर आली. कणीक मळता मळता उठलेली, हात पिठाचे. सासूबाईंच्या समोरून पायऱ्या उतरली आणि भर रस्त्यातून पिंपळाकडे चालत गेली. शेजारच्या दारांमधून बायका बघत होत्या. मी तिच्या मागे, सकीनाबी माझ्या मागे.

नवसाबाई उठून उभी राहिली. गोदावरी म्हणाली, "मी होते त्या इस्पितळात. विचारा, काय विचारायचंय."

ती बाई औषध विचारेना, खर्च विचारेना. गोदावरीच्या तोंडाकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "बाई, तिथं सोडून आल्यावं मानूस आपल्यावं राग धरतं का?"

गोदावरीने पिठाचे हात पदराला पुसले. "धरतं," म्हणाली. "मी फार धरला. नवऱ्यावर, सासूवर, सगळ्यांवर. पण तुम्ही तिला न्या."

मागे पावलं वाजली म्हणून मी वळून पाहिलं. सासूबाई अनवाणी रस्त्यात आल्या होत्या. सगळी आळी बघत असताना त्या गोदावरीच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि नवसाबाईला म्हणाल्या, "ऐक हो हिचं. माझी सून खरं सांगतेय."