चौदा दुरुस्त्या, चार हजार वाचक

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. बाई जेवणाच्या टेबलाशी बसून लॅपटॉपवर कुणाचा तरी मजकूर दुसऱ्यांदा वाचताहेत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एका छापखान्यात त्यांनी एकतीस वर्षं प्रुफं तपासली. निवृत्तीनंतर त्या शिलाई मशीन दुरुस्तीचा एक ऑनलाइन मंच सांभाळतात.

या मंचावर लोक वाट बघतात ती एका कारागिराची. बाईंचं स्वतःचं बंद पडलेलं मशीनही त्याच्याच सल्ल्यानं सुरू झालं. पण तो लिहितो एका दमात. स्क्रू कुठे संपला आणि सुई कुठे सुरू झाली, पत्ता लागत नाही. महिन्यापूर्वी कुणीतरी त्याच्या मजकुराखाली टोमणा मारला, "काका, आधी शाळेत जा, मग मशीन उघडा."

बाईंनी टोमणा काढून टाकला. मग हाताला लागलेली सवय नडली. त्यांनी तिथेच शुद्ध केलेला मजकूर दिला आणि त्याखाली चौदा दुरुस्त्यांची यादी. छापखान्यात खुणा केलेला कागद फक्त जुळणी करणाऱ्याच्या हाती जायचा. इथे तो चार हजार लोकांनी वाचला.

"चुकलो माफ करा," एवढं लिहून कारागीर गप्प झाला. एकोणीस दिवस. अडलेल्यांचे प्रश्न साचत गेले, आणि त्यांची उत्तरं दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

"भर चौकात उभं केलंत त्याला," सून म्हणाली.

"अगं, प्रत्येक ओळीत 'कृपया' लिहिलं होतं."

"आई, 'कृपया' म्हणून कान पिळला तर तो दुखत नाही का?"

बाईंनी त्याच दुपारी यादी मंचावरून काढून टाकली आणि कारागिराला खासगी निरोप पाठवला. "ती यादी सगळ्यांसमोर टाकायला नको होती. यापुढे मजकूर आधी मला पाठवाल? शब्द तुमचेच राहतील. मी फक्त कुठे थांबायचं ते दाखवीन."

दोन दिवसांनी उत्तर आलं. "बाई तुम्ही पण हसलात का"

"हसले नाही. मोजत होते."

"खरंच चौदा होत्या"

"पंधरा. एक माझ्या नजरेतून सुटली."

"मग तुम्हाला पण तपासणारा पाहिजे"

त्यानंतर आठवडाभर काही नाही. आज पहाटे मात्र मजकूर आला आहे: सुईखालची पट्टी काढून साफसफाई कशी करायची. बाईंनी पूर्णविराम घातले, चार परिच्छेद पाडले. एका जागी अडल्या, तेव्हा अंदाज न करता विचारलं, "आधी सुई काढायची की पट्टी?"

"सुई. बरं झालं विचारलंत नाहीतर कुणीतरी मोडून बसला असता"

बाईंनी सुई आधी काढायचं वाक्य वेगळ्या ओळीवर घेतलं, पूर्ण मजकूर त्याला परत दाखवला आणि त्याचा होकार आल्यावर वेळ लावून ठेवली. उद्या सकाळी सात वाजता तो मजकूर मंचावर येईल. खाली नाव एकच असेल, कारागिराचं.