उकळत्या झऱ्यातलं प्रोटीन

परदेशात, पिस्कॅटवेच्या लॅबमध्ये मी ऐन हिवाळ्यात महिनाभर हेलिकेज नावाच्या एका प्रोटीनवर वैतागले होते. उकळत्या झऱ्यात राहणाऱ्या जंतूचं ते प्रोटीन. त्याचे दोन भाग आरएनएच्या धाग्यावर मुठीसारखे मिटतात आणि गुंता सोडवतात. माझं मेलं ढिम्म हलत नव्हतं.

"ठेवतेस कुठे त्याला?" नागपूरहून आलेल्या आईने विचारलं.

"सदतीस डिग्रीला. सगळी प्रोटीनं तिथेच ठेवतो आम्ही."

"अगं, ते उकळत्या पाण्यातलं ना? मग आखडणारच!"

दुसऱ्या दिवशी साठ डिग्रीला गुंता भराभर सुटला. हे सांगायला घरी धावले, तर आई स्वेटरवर शाल गुंडाळून, हात काखेत दाबून बसलेली. तीन आठवडे ती अशीच बसत होती. बूटही न काढता मी आधी हीटर वाढवला.