ओटिसकाकांचा हिरवा रंग

वर्लीन स्टॉकटन शहरात शाळेची बस चालवायची. नवऱ्याच्या आजारपणात कर्ज वाढलं, मग घरांचे भाव कोसळले, आणि घर विकलं तरी निम्मं कर्जही फिटलं नसतं. हॅडॉक वकिलांनी तिला बजावलं होतं, आधी बँकेच्या संमतीनं कर्जापेक्षा कमी, पडत्या भावात घर विका, उरलेल्या कर्जासाठी दिवाळखोरीचा अर्ज त्यानंतर. आधी अर्ज केला तर घर कोर्टाच्या माणसाकडे जाणार आणि गिऱ्हाईक कंटाळून पळणार. थकलेल्या हप्त्यांपायी बँकेनं लावलेला लिलावच डोक्यावर आला तर मात्र तो थांबवायला अर्ज करावाच लागेल.

गिऱ्हाईक होती मारिसेला नावाची नर्स. घर बघायला आली ती आधी अंगणातल्या सुकलेल्या जर्दाळूच्या झाडाला पाणी घालून मग आत शिरली. वर्लीननं तिथंच ठरवलं, किल्ली द्यायची तर हिच्याच हातात.

बँकेचा माणूस किंमत ठरवायला येणार होता तेव्हा वर्लीन बसवर होती. शेजारचे ओटिसकाका जन्माचे रंगारी. लॉन वाळलं की फवाऱ्यानं हिरवं रंगवायची त्या गल्लीची रीतच होती. घरी पाहुणा येणार म्हणून काकांनी तिचं अंगण हिरवंगार करून टाकलं, वर कुंपणालाही रंगाचा हात दिला. झालं, करायला गेले गणपती आणि झाला मारुती! त्या माणसानं किंमत चढवली आणि बँकेनं मारिसेलाचा भाव फेटाळला.

वर्लीनला रागापेक्षा नवल वाटलं. जन्मभर घर टापटीप ठेवायला मरमर मरायचं, आणि तेच आता नडावं? हे कसलं बाई शास्त्र! हॅडॉकनी बँकेकडून फेरतपासणी मिळवली, तशी ती कुदळ घेऊन काकांकडे गेली.

"काका, तुमचा रंग खणून काढायचाय. वाळलंय ते वाळलेलंच दिसू दे."

"म्हणजे माझं चुकलं म्हण की."

"चुकलं. पण माझ्यासाठी चुकलं, ते कळतं मला."

काका फुरंगटून आत गेले. तिनं एकटीनं खणलं, आणि तिला रडू आलं. बँकेचा माणूस पुन्हा आला आणि किंमत उतरली. लिलावाच्या आदल्या दिवशी विक्री झाली.

मारिसेलाला किल्ली देऊन वर्लीन अर्जावर सही करायला हॅडॉककडे निघाली, तर फाटकाशी ओटिसकाका फवारा घेऊन उभे.

"आता तरी मारू का गं रंग?"

वर्लीनच्या ओठांवर 'मारा' आलंच होतं.

"मला नका विचारू, काका," ती म्हणाली. "तिला विचारा. घर तिचंय."