गयेला सोडलेलं फळ

आईचं वर्षश्राद्ध आश्विनात आलं. त्या सकाळी मी दादरच्या मंडईतून एक सीताफळ आणलं, डोळे नीट उघडलेलं, बोटाला मऊ लागणारं. आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी गच्चीत पान ठेवतात. भात, वरण, वडे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि त्याच्या आवडीचं काहीतरी. आईला सीताफळ फार आवडायचं.

वडे समोरच्या मावशीने करून दिले होते. परळची आमची चाळ पडून तिथे टॉवर झाला, तरी तिचं दार आमच्या दारासमोरच राहिलं. ही आईची मैत्रीण. दहा वर्षांपूर्वी दोघी एका यात्रा कंपनीबरोबर काशी-गयेला जाऊन आल्या होत्या. मी पान उचललं तेव्हा तिची नजर फळावर गेली.

"ते काढ," ती म्हणाली. "तिने सोडलं होतं ते. गयेला, वडाखाली."

मी फळ काढलं आणि पान घेऊन गच्चीत गेलो. कावळा लगेच आला. मी मात्र कठड्याला टेकून बराच वेळ तसाच उभा राहिलो.

गयेत पिंडदान झालं की अक्षयवटाखाली आपल्या आवडीचं एक फळ किंवा भाजी सोडायची, ती पुन्हा जन्मात तोंडात घालायची नाही, ही रीत मला ठाऊक होती. माझी सारी नोकरी ग्रंथालयात गेली आणि वाचन बहुतेक जुन्या यात्रावृत्तांतांचं. रेल्वेच्या आधी कोकणातून काशीला पायी निघालेली माणसं, घरच्यांचा कायमचा निरोप घेऊन, काही तर स्वतःचं श्राद्ध उरकून निघायची. त्यांचे मुक्काम, नद्यांचे उतार, धर्मशाळांतले ढेकूण, पंड्यांशी झालेल्या कटकटी मला पाठ होत्या. मी स्वतः मात्र कुठल्याच तीर्थाला गेलो नाही. वाचलं की गेल्यासारखंच, असं मला वाटत असे.

आई निघाली तेव्हा बॅगेत स्वेटर कोंबता कोंबता तिने विचारलं होतं, काय सोडू रे? मी पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, कारलं सोड, तसंही तू खात नाहीस. ती हसली. परत आल्यावर मी तिला खूप प्रश्न विचारले. कुठला घाट, होडी कशी होती, पंड्याच्या वहीत आपल्या गावचं कोणी सापडलं का. काय सोडलंस, हे विचारलं नाही. कारलंच सोडलं असेल असं मी धरून चाललो.

त्यानंतर दर वर्षी मोसमात मी तिला सीताफळं आणून देत होतो. पिशवी घेताना ती म्हणायची, ठेव, दुपारी खाईन. दुपारी मी कामावर असे.

पान ठेवून खाली आलो तेव्हा मावशी ओटा पुसत होती. मी विचारलं, मग मी आणलेली सीताफळं कुठे जायची?

"माझ्याकडे," ती म्हणाली. "नऊ वर्षं मीच खाल्ली मेल्या. साखर वाढली माझी तुझ्यापायी."

मला हसू आलं. मग मी विचारलं, तिने मला सांगितलं का नाही?

"सांगणार होती. परतीच्या गाडीत ठरवलं होतं तिने. मग म्हणाली, नको, तो हसेल."

मावशी हे रागाने म्हणाली नाही. फडकं पिळून वाळत घातलं आणि आपल्या घरी गेली. मी तिला एक गोष्ट सांगितली नव्हती.

शेवटच्या आठवड्यात आई इथल्याच एका इस्पितळात होती. झटक्याने वाचा गेली होती आणि उजवा हात. डॉक्टर म्हणाले, मऊ काही असेल तर चमच्याने भरवा. मी घरी सीताफळाच्या बिया काढल्या, गर चाळणीतून गाळला आणि वाटीत घेऊन गेलो. पहिला चमचा पुढे केला तेव्हा तिने ओठ मिटून घेतले. मला वाटलं, गिळायचं भय वाटत असेल. मी हनुवटीला हात लावून म्हटलं, घे गं, तुझं आवडतं आहे. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने तोंड उघडलं. चार चमचे. डाव्या डोळ्यातून पाणी आलं, ते मी टॉवेलने टिपलं, आणि आज आईने चवीने खाल्लं असं नर्सला सांगितलं.

श्राद्धानंतर ते मिटलेले ओठ मला दिसू लागले. दाढी करताना, जिना उतरताना, मंडईजवळून जाताना. तिथे हातगाड्यांवर सीताफळं डोळे उघडून रचलेली असत. मी घरातली यात्रेची सगळी पुस्तकं पुन्हा काढली. नकळत मोडलेल्या व्रताचं काय होतं, हे कोणीतरी लिहिलं असेल अशी आशा होती. त्या माणसांनी वाटेतले चोर लिहिले, तांदळाचा भाव लिहिला. वडाखाली काय सोडलं, हेसुद्धा फार थोड्यांनी लिहिलं होतं. घरी आल्यावर ते कोणी खायला घातलं का, हे कोणीच नाही.

दिवाळीच्या चार दिवस आधी मी मावशीचं दार वाजवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ओठांचंही.

ती बसली. मग विचारलं, "जबरदस्ती केलीस?"

"हनुवटी धरली होती."

"घट्ट?"

"नाही."

"मग उघडलं ते तिने उघडलं," ती म्हणाली. पण तिचा चेहरा सैल झाला नाही, आणि माझाही नसावा. तिने पेल्यात पाणी आणलं. गॅलरीतल्या कुंडीपाशी मला बोलावून हात पुढे करायला सांगितलं. तिचं व्रत आता तू धर, तिच्या नावाने सीताफळ तू सोड, म्हणाली.

"मावशी, मी हे मानत नाही."

"तुला कोण विचारतंय? ती मानायची."

तिने माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. नाव घे, म्हणाली. मी आईचं नाव घेतलं. आईला मी नावाने कधी हाक मारलेली नव्हती. आपल्याच तोंडचं ते नाव मला परकं वाटलं, एखाद्या लहान मुलीचं असावं तसं. पाणी कुंडीत गेलं.

तिचं व्रत राहिलं की मोडलं, मला कळलेलं नाही. सीताफळ मी खात नाही. ओठ अजून दिसतात. मी आता घाई करत नाही. तिला काय सांगायचं आहे, ते पाहत उभा राहतो.